टीव्हीवर पेटलेलं बेळगाव आणि सुमीचा साखरपुडा

आमच्यासारख्या हंगामी फौजींकडं किस्से लई साठतात. घरात रिकाम्या पिशव्या साठतात तसे. टाकवत नाहीत आणि कुणी मागतही नाही. तुम्ही आज चहा घेऊन बसलाच आहात, तर ऐका.

हंगामी म्हणजे काय ते आधी सांगतो. वर्षातले काही महिने मी वर्दीत असतो, बोलावतील तिथं जातो. बाकीचे महिने बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लेथवर. घर येळ्ळूरला. फौजेत मला 'फाउंड्रीवाला' म्हणतात आणि फाउंड्रीत 'मेजरसाब'. दोन्हीकडं चेष्टाच! माझ्याच तुकडीत निपाणीचा शांतिनाथ आहे, आमचा शांत्या. घरात कन्नड, बाजारात मराठी, बराकीत हिंदी, आणि तिन्ही भाषांत सारखाच बडबड्या.

आम्ही दोघांनी दंगा जवळनं बघितलाय आणि तोच दंगा टीव्हीवर पण बघितलाय. दोन्हींची गाठ क्वचितच पडते बघा.

* * *

उत्तरेतल्या एका शहरात आमची ड्यूटी होती. आदल्या दिवशी गडबड झालती, त्या दिवशी सगळं थंड. मी चौकात वाळूच्या पोत्यांमागं उभा. समोर रोटीवाल्याचं दुकान उघडं, बायका रोट्या घेऊन घरी चाललेल्या.

तेवढ्यात एक टीव्हीवाला आला. डोक्यावर हेल्मेट, अंगात जाडजूड जाकीट. माझ्या पोत्यांआड उकिडवा बसला आणि कॅमेऱ्याकडं बघून कुजबुजायला लागला, "यहाँ एक-एक क़दम पर ख़तरा है..." त्याच्या मागनं एक आजोबा कोकरू घेऊन निवांत चालले होते. कॅमेरामन वैतागला. मग टीव्हीवाला मला म्हणतो, "भाईसाब, आप भी ज़रा झुक जाइए ना. ऐसे खड़े हैं तो अच्छा नहीं लगता."

मी सुभेदारसाहेबांकडं बघितलं. साहेब गढवालचे, चहा पीत होते. म्हणाले, "झुक जा, झुक जा! घर में माँ देखेगी तो बोलेगी, लड़का कुछ काम तो कर रहा है!"

वाकलो. काय करणार?

* * *

ज्या दिवशी खरंच दगड आले, त्या दिवशी मात्र कॅमेऱ्याचा पत्ता नव्हता.

दुपारची वेळ होती. गल्ली एकदम गप्प झाली. दुकानांची शटरं खाली आली, कुत्रीसुद्धा तिथनं निघून गेली. त्या गप्पपणाची मला भीती वाटते, अजून वाटते. शांत्या बोलायचा थांबला, ह्यावरनं काय ते समजा! मग गच्चीवरनं दगड आले आणि त्याची भुवई फुटली. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि त्याच्या आईला फोनवर काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो. वाचला. नुसत्या टाक्यांवर भागलं.

सुट्टीला निपाणीत गेला, तर गल्लीतले विचारायला लागले, "शांत्या, कपाळाला काय झालं रं?"

"ड्यूटीवर दगड लागला."

"कवा? टीव्हीवर तर काय न्हवतं!"

कुणी विश्वासच ठेवेना. शेवटी कंटाळून त्यानं सांगायला सुरुवात केली की मोटारसायकलवरनं पडलो. ते मात्र सगळ्यांना लगेच पटलं!

* * *

आता सुमीचं सांगतो. सुमी माझी धाकटी बहीण. पोरगी शिकलेली, हुशार, दिसायला चांगली. पण तिची दोन स्थळं नुसत्या गावाच्या नावानं गेली. "बेळगावकडची पोरगी? नको बाबा, तिकडं सारखं काहीतरी चालू असतंय," असं म्हणून माणसं चहा पिऊन परत गेलीत आमच्या घरातनं. तिसरं स्थळ सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलचं आलं. उदय नाव, एमआयडीसीत सुपरवायझर. दोघांचं फोनवर चांगलं जमलं. सुमीनं मला सरळ सांगितलं, "अण्णा, मला ह्योच पोरगा पाहिजे. बाकीचं तू बघ."

साखरपुड्यासाठी मी सुट्टी मागितली. कंपनी कमांडरसाहेब म्हणाले, "देखेंगे." फौजेत 'देखेंगे' म्हणजे नाहीच.

आणि तेवढ्यात सीमाप्रश्नाचं काहीतरी निघालं. बराकीतला टीव्ही लावला तर पडदाभर जाळ! "बेलगाम जल रहा है!" एक पंजाबी पोरगा माझ्या शेजारी येऊन खांद्यावर हात ठेवून बसला. कमांडरसाहेबांनी मला आणि शांत्याला बोलावून घेतलं. "तुम्हारा शहर जल रहा है. जाओ, परिवार को सँभालो." शांत्याचं निपाणी जळत पण नव्हतं, पण नकाशात जवळ दिसलं म्हणून त्यालाही सुट्टी!

मी म्हणणार होतो, "साब, आमच्याकडं असं होतं अधनंमधनं, संध्याकाळपर्यंत विझतं." तेवढ्यात सुभेदारसाहेबांनी माझ्या बुटावर बूट दाबला. मी कडक सॅल्यूट ठोकला.

* * *

येळ्ळूरला पोचलो, तर आप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते.

"आप्पा, सगळं जळालंय म्हणं!"

"व्हय, जळालाय की. टायर."

"कसला टायर?"

"आपला. ट्रॅक्टरचा जुना, गोठ्यामागं पडलेला. पोरं मागायला आल्ती. चांगली इचारून नेली. दिला."

आमच्याच टायरचा जाळ बघून पंजाबचा पोरगा माझ्यासाठी हळहळत होता! मी कपाळावर हात मारला. आप्पांना त्याचं काहीच नव्हतं. ते गोठ्याच्या कोपऱ्याकडं बोट करून म्हणाले, "पोरं लई चांगली हाईत. टायर जळाल्यावर आतली तार परत आणून दिली, भंगारात घालायला!"

* * *

दुसऱ्या दिवशी सुमीच्या साडीसाठी मी आणि आमच्याकडंच उतरलेला शांत्या बेळगावातल्या शहापूरला गेलो. तिथल्या मागावरचीच साडी पाहिजे, असा आमच्या आईचा हट्ट. साडी घेऊन बाहेर पडलो तर कोपऱ्यावर दोन चॅनेलवाले. रस्त्याच्या ह्या कडेला मराठी, त्या कडेला कन्नड.

मराठी चॅनेलच्या ताईनं माईक पुढं केला. "दादा, इथली परिस्थिती कशी आहे?"

शांत्या म्हणाला, "काय झाल्यालं न्हाय हो. साडी घ्यायला आलोय."

रस्ता ओलांडला, तर त्या चॅनेलवाल्यानं तेच कन्नडमध्ये विचारलं. शांत्यानं तेच कन्नडमध्ये सांगितलं, "एनू आगिल्ल री. सीरी तगोळाक बंदेवी." म्हणजे तेच की, काही झालेलं नाही, साडी घ्यायला आलोय.

संध्याकाळी टीव्ही लावला. एका चॅनेलवर शांत्याचा फोटो, खाली 'मराठी तरुणाची व्यथा'. दुसऱ्यावर तोच शांत्या, तोच चौकड्यांचा शर्ट, खाली 'कन्नड तरुणाचा संताप'! बोललेलं सगळं कापलेलं. आणि दोन्हीकडं भुवईवरचा व्रण मोठा करून त्याच्याभोवती लाल गोल!

मला वाटलं शांत्या आता भडकणार. तो उलट खूश झाला. "चला, माझा दगड एकदाचा टीव्हीवर आला!"

* * *

पण तो लाल गोल कागलातही दिसला. उदयची आई टीव्हीची भक्त. सकाळच्या चहापासनं बातम्या चालू. तिचा फोन आला.

"तुमच्या त्या मित्राला लई मारलंय म्हणं. मी बघितलं की, रगात पण दाखवलं."

"काकू, ती जुनी जखम हाय. तो हितं माझ्या शेजारी बसून पोहे खायलाय."

"तुम्ही मुलीकडची माणसं, तुम्ही असंच सांगणार. हे बघा, पोरगी आम्हाला पसंत हाय. पण असल्या आगीत मी पोराला घेऊन येत न्हाय. वर्षभर थांबू. सगळं थंड झालं की बघू."

वर्षभर थांबू म्हणजे काय, हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ झालं होतं. आई देवापुढं जाऊन बसली. सुमी नवीन साडीची घडी घालून पेटीत ठेवायला लागली. मला लई वाईट वाटलं. परक्या शहरात बंदूक घेऊन चौक सांभाळणारा मी, आणि कागलची चार माणसं मला येळ्ळूरपर्यंत आणता येईनात!

शेवटी उदयनंच आईला कसंबसं वळवलं. येळ्ळूर नको, साखरपुडा निपाणीत, शांत्याच्या घरी. कागलपासनं जवळ. पण विहीणबाईंनी बजावलं, "निपाणीच्या पुढं मी पाऊल टाकणार न्हाय. आणि लगीन वर्षानंच. मध्ये काय बिघडलं तर आमच्यावर बोल नको."

* * *

आमच्याकडं गडबडीच्या दिवसांत एक रीत आहे, बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी इकडं आणायची नाही, कर्नाटकाच्या नंबरची तिकडं न्यायची नाही. दगड बसतो. म्हणून अडकलेल्या MH गाड्या निपाणीत पाव्हण्यांच्या दारात उभ्या, आणि KA गाड्या कागलात. एसटी पण दोन्हीकडच्या सीमेवर थांबतात. माणसं पिशव्या घेऊन दूधगंगेचा पूल चालत ओलांडतात आणि पलीकडं दुसऱ्या राज्याच्या गाडीत बसतात.

साखरपुड्याच्या सकाळी उदयला फोन केला. "गाडीची काळजी करू नका, सोय केलीय."

तो म्हणाला, "आमचीबी सोय झालीय, अण्णा."

मला वाटलं तो माझ्याच सोयीबद्दल बोलतोय. त्यालाही तसंच वाटलं.

मी काय केलं? पाव्हण्यांना थेट दारातनं उचलायला कागलात जायचं, म्हणून शांत्याच्या दारात अडकलेली त्याच्या मेव्हण्याची MH जीप घेतली. निघताना सुमी साडी नेसून जीपमध्ये चढून बसली. आई ओरडली, "अगं, नवरीनं घरात बसायचं असतंय!"

"बसून बसून दोन स्थळं गेली," सुमी म्हणाली.

कोगनोळीच्या नाक्यावर कर्नाटकाच्या पोलिसांनी अडवलं. "MH गाडी इकडं कशाला आणली?"

"तिकडं न्यायला, साहेब."

"तिकडं गाडी सोडत नाही आज. आणि इकडं फिरवू नका, दगड बसतील!"

मी उदयला फोन लावला. तो पलीकडच्या नाक्यावर उभा. त्यानं आमच्याकडं यायचं म्हणून कुणाची तरी KA गाडी आणली होती! महाराष्ट्राचे पोलीस त्याला हेच सगळं ऐकवत होते. दोघांनी एकमेकांची काळजी केली, आणि जिथं जी गाडी नको, बरोब्बर तीच तिथं नेऊन उभी केली. शांत्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. मला रडू यायचं बाकी होतं.

* * *

मग राहिला पूल. इकडनं सुमी, मी आणि शांत्या चालत निघालो. तिकडनं उदय, विहीणबाई आणि दोन-तीन पाव्हणे. पुलावर एक चॅनेलवाला आंदोलकांची वाट बघत कंटाळून उभा होता.

विहीणबाई हिरव्या साडीत, हातात साखरेचा पुडा. मधोमध आल्या आणि थांबल्या. "मी ह्याच्या पुढं येत न्हाय. चालत तर मुळीच न्हाय. मी सगळं बघितलंय टीव्हीवर!" उदय समजावतोय, पाव्हणे समजावतायत, विहीणबाई हातवारे करून नाही म्हणतायत. त्या उदयला म्हणाल्या, "चल माघारी. राहू दे हे सगळं."

मी पुढं व्हायला निघालो.

सुमी माझ्याही पुढं गेली. भर पुलावर वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, तुम्ही पुढं येऊ नका. मी आले की इथवर."

विहीणबाईंनी पदरानं डोळे टिपले. शांत्याला म्हणाल्या, "हे धर रं जरा," पिशवीतनं कुंकवाचा करंडा काढला, सुमीला कुंकू लावलं, ओटी भरली आणि साखरेचा पुडा हातात दिला. झाला साखरपुडा! दोन्हीकडच्या पोलिसांनी येऊन पेढे खाल्ले. चॅनेलवाल्यालाही दोन दिले, त्यानं कॅमेरा बंद न करताच खाल्ले.

संध्याकाळी येळ्ळूरला आम्ही दमून बसलो होतो, टीव्ही नुसता चालू होता. विहीणबाईंचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"पोचलासा न्हवं सगळी? टीव्ही लावलाय काय? दूधगंगेच्या पुलावर दोन राज्यांचे गट आमनेसामने आलेत म्हणं! पोलीस पण हाईत. एक हिरव्या साडीतली बाई तर हातवारे करून भांडायल्या!"

मी पडद्याकडं बघितलं. खाली लाल पट्टी, वर विहीणबाई.

"काकू, ती बाई..."

"ती असूदे हो कोण पण! तुम्ही माझं ऐका. असल्या जाळात माझ्या सुनंला ठेवू नका. वर्षभर कशाला थांबायचं? येत्या महिन्यातच लगीन उरकून टाकू. पोरगी एकदा माझ्या डोळ्यांपुढं असूदे!"

फोन स्पीकरवर होता. आई माझ्याकडं बघायला लागली, मी आप्पांकडं. सुमीनं रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.