रविवारी मोजलेलं मैदान

आमच्या दादाला कुठलाच प्रश्न अवघड वाटत नाही. कुठलाही विषय काढा, घास गिळायच्या आत म्हणणार, "सोपं आहे!" अशा माणसाबद्दल दोनच शक्यता असतात. एक तर तो फार हुशार आहे, नाहीतर त्याला प्रश्नच कळलेला नाही. आमच्या घरात आजवर पहिलीच शक्यता धरून चालले. मी पडले धाकटी बहीण, मला विचारतो कोण?

दादा शहराच्या नियोजन कार्यालयात मोजणीदार आहे. टेप घ्यायची, तीन पायांचं यंत्र उभं करायचं, रस्ता मोजायचा, चौक मोजायचा आणि कागदावर उतरवायचा. घरं पिवळी, दुकानं निळी, शाळा-दवाखाने लाल. ज्याला रंग नाही ते पांढरं, आणि पांढऱ्यावर बारीक अक्षरात लिहायचं, 'रिकामी जागा'. तीस वर्षं हेच. त्याचा तोरा असा की, "माझ्या नकाशात चार बोटांची चूक काढून दाखव." आणि खरं सांगते, चार बोटांची चूक नसतेच. पण तो मोजतो रविवारी.

तो एकटा नाही, अख्खं ऑफिस रविवारी मोजतं. इतर दिवशी म्हणे माणसं मध्ये येतात! टेपवर पाय देतात, यंत्रासमोर हातगाडी लावतात, "साहेब, आमचं पाडणार का?" असं विचारून डोकं खातात. म्हणून मोजणी रविवारी करायची आणि त्याची सुट्टी मंगळवारी घ्यायची. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. त्यामुळे त्यांच्या कपाटात जे शहर गुंडाळून ठेवलंय ना, ते सगळं रविवारचं आहे. शटर खाली, शाळा रिकामी, रस्त्यात चिटपाखरू नाही. आणि त्या कागदांवर वाकून साहेब लोक ठरवणार की सोमवारी माणसांनी कसं चालायचं. डोळे मिटून आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी कसा झोपलेलाच दिसतो, त्यातली गत.

मी मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. बावीस वर्षं झाली. खिडकीसमोर मैदान आहे. पेशंटबरोबर आत एकालाच सोडतात. आता लांबून आलेल्या पेशंटबरोबर सासू असते, दीर असतो, कडेवर पोर असतं. ती कुठे जाणार? ती मैदानात बसतात. कुंपणावर धुतलेली लुगडी-चादरी वाळत असतात, कुणी पावाचा तुकडा चहात बुडवून म्हाताऱ्याला भरवत असतं, कुणी नुसतंच वर तिसऱ्या मजल्याकडे बघत असतं. कोपऱ्यात किटलीवाली असते. म्हणायला ती चहा विकते, पण खरं चौकशी ऑफिस तीच चालवते. रक्त कुठल्या इमारतीत मिळतं, कुठले डॉक्टर आले, कुणाचा पेशंट टेबलावर घेतला, सगळं तिला ठाऊक. ती नसेल त्या दिवशी माझ्या खिडकीवर माणसं तुटून पडतात. फक्त रविवारी सगळ्यांना दिवसभर आत भेटायला सोडतात, तेव्हा मैदानात कुत्रं नसतं. किटलीवालीही त्या दिवशी घरी असते.

आता प्रश्न काय, तर दवाखान्याच्या फाटकात ॲम्ब्युलन्स अडकते. खोटं नाही, अडकते. एकदा अकरा मिनिटं अडकली होती, मी खिडकीतून बघत होते. का अडकते, हे मात्र ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. डॉक्टर म्हणतात, आमच्या गाड्यांना जागा नाही, म्हणून त्या रस्त्यावर लागतात. पोलीस म्हणतात, रिक्षा. दुकानदार म्हणतात, गाडेवाले. गाडेवाले म्हणतात, अहो, एवढी माणसं उपाशी बसलीत, आम्ही नको यायला? माणसं म्हणतात, आम्हाला आत घ्या ना, आम्हाला काय हौस आहे उन्हात बसायची? आणि सिस्टर म्हणतात, एवढी माणसं आत घेतली तर आम्ही काय भिंतीवरून चालायचं? मी सगळ्यांचं ऐकलंय, आणि मेली कटकट अशी की सगळ्यांचंच खरं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. असलं प्रकरण हातात घेताना माणसानं आधी चार दिवस नुसतं गप्प बसून बघावं. पण गप्प बसायची विद्या आमच्या दादाच्या ऑफिसात शिकवत नाहीत.

आधी त्यांनी रस्त्याच्या मध्ये लोखंडी कठडा घातला, म्हणजे लोक रस्ता ओलांडणार नाहीत. लोक कठड्यावरून चढून जायला लागले. एक आजोबा पडले, मांडीचं हाड मोडलं. निदान दवाखाना समोरच होता! मग गाडे उठवले. गाडे गेले मागच्या गल्लीत, त्यांच्या मागून माणसं गेली, आणि मागचं फाटकही तुंबलं. मग रस्ता एकेरी केला, तर ॲम्ब्युलन्सलाच वळसा पडायला लागला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! दर वेळी नवा नकाशा, दर वेळी तो दादानं काढलेला, आणि दर वेळी जेवताना तेच, "सोपं आहे."

शेवटी त्यांनी ठरवलं की मैदानात गाडीतळ करायचा. नकाशात मैदान पांढरं होतं ना! दादानं हे आम्हाला त्याच्या घरी जेवताना सांगितलं. मी आईला भेटायला गेले होते. मी हातातला घास खाली ठेवला.

"दादा, ती जागा रिकामी नाही."

"मी स्वतः मोजलीय."

"रविवारी मोजलीस. सोमवारी ये. माझ्या खिडकीशी दहा मिनिटं उभा राहा."

"अगं, सोमवारी तिथे गर्दी असते," दादा म्हणाला. "गर्दीत मोजणार कसं?"

शपथ घेऊन सांगते, हे असंच म्हणाला. वहिनी उठून पाणी आणायला गेली. आई मात्र त्याच्याकडे बघत राहिली.

हरकती घ्यायला तीस दिवस होते. मी आणि किटलीवालीनं मैदानातल्या तीनशे माणसांचे अंगठे नि सह्या घेतल्या. आठव्या दिवशी कागद परत. हरकत त्या भागातल्या रहिवाशानंच घ्यायची असा नियम! आता पेशंटचे नातेवाईक त्या भागातले असते तर मैदानात कशाला बसले असते, घरी नसते गेले? किटलीवालीकडे पत्त्याचा कागदच नाही. मी सरकारी नोकर, मला सरकारविरुद्ध लिहायची बंदी. परत आलेल्या कागदावर शेरा होता, 'सदर व्यक्ती रहिवासी नाहीत.' अक्षर दादाचं. लहानपणी त्याच अक्षराला घरात बक्षिसं मिळायची.

मग आई म्हणाली, "दे इकडे तो कागद." दादाचं घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीतच आहे, आणि घरावर नाव अजून आईचं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि सही केली. दादाला कळलं तेव्हा तो घरात थयथय नाचला. "माझ्या ऑफिसात माझी इज्जत काढणार तू!" आई म्हणाली, "काढायला असली तर काढीन."

सुनावणीच्या दिवशी मी रजा टाकली आणि आईला धरून घेऊन गेले. हरकत एकच होती, तिची. मोठे साहेब बसले होते, बाजूला फायली घेऊन दादा. साहेब माणूस बरा असावा. "बसून बोला, आजी," म्हणाले.

आई उभी राहूनच बोलली. "ह्याचे वडील तिसऱ्या मजल्यावर एकवीस दिवस होते. आत एकालाच सोडायचे. मी आत असले की हा मैदानात, हा आत असला की मी मैदानात. हा तेव्हा एकोणीस वर्षांचा. ते गेले तेव्हा हा खाली होता. मी खाली येऊन तिथेच ह्याला सांगितलं. हा मातीत लोळून रडला. अनोळखी बायकांनी ह्याला उचलून बसवलं, पाणी पाजलं. ती जागा रिकामी नाही हो, साहेब."

साहेबांनी दादाकडे बघितलं. "खरं आहे हे?"

"खरं आहे, साहेब. पण ते त्या वेळचं."

"पुन्हा मोजणी करायची का? कामाच्या दिवशी? तुम्ही म्हणत असाल तर थांबवतो मी हे."

बघा, साहेबानं ताटात वाढून दिलं होतं. दादानं फक्त 'हो' म्हणायचं होतं. त्याची नोकरी जाणार नव्हती, बढती अडणार नव्हती. फक्त आपलं एक काम चुकलं, एवढं चारचौघांत दिसलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण रे, एकदा तरी म्हण.

"गरज नाही, साहेब," दादा म्हणाला. "सध्याच्या मोजणीप्रमाणे जागा रिकामीच आहे. सोपं प्रकरण आहे."

साहेबांनी सही केली. आईनं मला म्हटलं, "चल." मला वाटलं, घरी जायचं. ती काठी टेकत थेट दवाखान्यात आली, मैदानात गेली आणि एका चादरीच्या कडेला बसली. बुधवार होता, भर दुपार. नेहमीसारखी दोनेकशे माणसं होती. किटलीवालीनं तिला चहा आणून दिला. मी वहिनीला फोन केला, वहिनीनं दादाला.

जेवणाच्या सुट्टीत दादा धावत आला. शर्टाच्या खिशाला ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं. चादरी, पिशव्या, झोपलेली पोरं चुकवत, पाय कुठे टाकावा ते बघत तो आईपर्यंत पोचला आणि खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "आई, ऊठ. घरी चल. लोक बघतायत."

आईनं चहाचा घोट घेतला. "कुठले लोक रे?"

दादा सरळ उभा राहिला. लोक खरंच बघत होते. मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही. शेजारच्या चादरीवरच्या बाईनं आपलं गाठोडं ओढून घेतलं, पोराला मांडीवर घेतलं आणि त्याच्यासाठी जागा केली.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "तुमचं कोण आहे आत?"

दादानं घड्याळात बघितलं आणि तो ऑफिसला गेला.