खालून दाबलेली खिडकी

काच पुसणाऱ्या माणसाने लटकलेलंच असावं, अशी आपल्या लोकांची ठाम समजूत आहे. कमरेला दोर, पायाखाली हलणारी फळी, आणि रस्त्यावर जमलेली मंडळी माना वर करून "बाप रे!" म्हणतायत, तेव्हा कुठे काम झाल्यासारखं वाटतं. आम्ही दोघी जावा मात्र जमिनीवर उभ्या राहून लांब दांड्याने काचा पुसतो. या एका गुन्ह्यासाठी सोलापुरात आमचा जेवढा पाणउतारा झाला, तेवढा कुणा पाकीटमाराचाही झाला नसेल.

आमचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. एकात एक सरकणारे तुकडे, हवा तेवढा लांब करायचा. टोकाला आधी केसाळ ब्रश लावून काचेला साबणपाणी चोळायचं, मग ब्रश काढून रबराच्या पट्टीचा वायपर बसवायचा आणि वरून खाली एका दमात ओढत आणायचा. ऐकायला सोपं आहे. पण दांडा पूर्ण लांब केला की त्याचं टोक रुसलेल्या जावयासारखं वागतं. आपण डावीकडे म्हणावं, ते उजवीकडे जातं. त्यात आमचं ऊन. इथे साबण लावून शिंक आली तरी तेवढ्यात तो काचेवर वाळतो. म्हणून आम्ही सावली बघून काम करतो. सकाळी पश्चिमेच्या काचा, दुपारनंतर पूर्वेच्या. बोअरचं पाणी वापरायचं नाही, त्याचे पांढरे ठिपके उठतात. हे सगळं शिकायला आम्हाला बराच काळ आणि बऱ्याच शिव्या लागल्या.

पण दोरीवर लटकलेल्या माणसाला कुणी सल्ला देत नाही. आम्हाला जो तो देतो. आम्ही त्यांच्याच जमिनीवर उभ्या असतो ना! भाजी घेऊन निघालेले आजोबा थांबतात, कॉलेजची पोरं थांबतात. एकदा एक रिक्षावाला सवारीसकट थांबला आणि म्हणाला, "ओ मावशी, वरच्या कोपऱ्यात राहिलं की!"

माझी धाकटी जाऊ कर्नाटकच्या हद्दीवरच्या दुधनीची. तिने मान न वळवता विचारलं, "तुझ्या रिक्षाची पुढची काच कवा पुसलीस रे? आमी दिसतो तरी का त्यातनं?"

आतली सवारी इतकी हसली की रिक्षा हलली.

तर अशा आम्ही. आणि होटगी रोडला लग्नाच्या बस्त्याचं एक मोठं दुकान आहे. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत नुसती काच. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा मालकांनी आम्हाला बोलावलं. मालक म्हणजे पांढरा कडक शर्ट, कपाळाला विभूती आणि बोलताना सतत मोबाईलने दिशा दाखवायची सवय. आम्ही दांडा जोडायला लागलो तसा त्यांचा चेहरा उतरला.

"चढणारा माणूस कुठाय?"

"चढायचं नसतं मालक, खालूनच होतं," मी म्हणाले.

"खालून? मग आमच्या पोरांनीच केलं असतं की!"

मी गिळलं. आजवर इतकं गिळलंय की पोट भरायला हवं होतं. सकाळची सावली होती, काम सुरू केलं. तळमजला झाला, पहिला झाला. दुसऱ्या मजल्याला साबण लावून झाला आणि पाणी ओघळत खालच्या छज्ज्यावर साचलं. छज्जा म्हणजे काय, वीत-दीड वीत रुंदीची पट्टी, वर गुळगुळीत फरशी. शोभेसाठी केलेली. त्यावर कबुतरसुद्धा जपून बसतं.

मी वायपर ओढला, काच लख्ख झाली. आणि मालकांना मधोमध एक पांढरा थेंब दिसला.

"ते काय?"

"रंगाचा थेंब आहे. इमारत रंगवताना उडालेला. तो पाण्याने जात नाही, पात्याने खरवडावा लागतो. गच्चीवरून पाळणा सोडणाऱ्या माणसांना बोलवावं लागेल. सुरुवातीलाच सांगितलं होतं तुम्हाला."

रुपयाएवढा थेंब! साड्या बघायला आलेली कोणती नवरी मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या काचेवरचा थेंब मोजणार होती? पण मालकांचा घसा सुरू झाला. बायकांना काम दिलं हीच चूक झाली, बांबू फिरवून का काचा पुसल्या जातात, वगैरे. आणि मग त्यांनी दारावरच्या मामांना हाक मारली.

मामा म्हणजे तिथले रखवालदार. मोहोळकडचे, साठी उलटलेली, डाव्या गुडघ्याला पट्टा. दिवसभर दारात खुर्चीवर बसून येणाऱ्यांना "या, या" म्हणणं हे त्यांचं काम.

"मामा, वर जा. खिडकीतनं छज्ज्यावर उतरा आणि ब्लेडनं त्यो डाग काढा."

मामा वर बघत राहिले. मग म्हणाले, "मी?"

"न्हाय, मी जातो! जा की."

आणि मामा गेले! गुडघ्याचा पट्टा सावरत जिना चढायला लागले. माझ्या पायाखालची जमीन सरकली. छज्ज्यावर माझंच साबणपाणी होतं. निरमा टाकलेल्या मोरीत पाय ठेवल्यासारखं होणार होतं, फक्त मोरी दुसऱ्या मजल्यावर आणि खाली रस्ता.

"मालक, ओलं आहे तिथं! घसरतील ते!"

"जमिनीवरून काय कळतंय तुमाला?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्यांना तरी कुठून कळत होतं? तेही जमिनीवरच उभे होते की!

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दारासारखी बाहेर उघडणारी होती. ती हलली, थोडीशी फट पडली. फटीतून मामांची चार बोटं दिसली आणि ब्लेड धरलेला दुसरा हात. मी विचार केला असं म्हणणार नाही. माझ्या हातात दांडा होता, तो मी उचलला आणि वायपर खिडकीच्या कडेवर टेकवून दाबला. बोटं झटकन आत गेली. खिडकी बंद झाली.

"ओ बाई! काय करताय?"

"खिडकी पुसतेय," मी म्हणाले.

दांडा धनुष्यासारखा वाकला होता. माझे दोन्ही खांदे रडत होते. वरून मामा ढकलत होते, ते मला दांड्यातून तळहातापर्यंत कळत होतं. माणसं जमली. ज्यांना जन्मभर आमच्या कामात फक्त चुका दिसल्या, त्यांनाच आता आमचं काम बघायला जागा पुरेना.

"सोडा बांबू!"

"आधी माणूस खाली बोलवा."

माझी जाऊ बादली ठेवून पुढे आली. भांडण रंगात आलं की ती कन्नडात शिरते. मालकही घरी कन्नड बोलणारे, तेही शिरले. दोघांची अशी जुंपली की काय सांगू! मला अर्धंच कळत होतं याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. 'गुडघा' आणि 'विधवा' हे दोन शब्द तिने मराठीत ठेवले होते, गर्दीला कळावेत म्हणून. गर्दीतल्या एका बाईंनी लगेच, "खरंय की ओ, म्हाताऱ्याला कशाला चढवता?" असं म्हटलं. मालक लाल झाले.

आणि तेव्हा त्यांनी सरळ येऊन माझ्या हातातला दांडा ओढला.

धिप्पाड माणूस, माझे हात आधीच थकलेले. दांडा निसटला. वायपर खिडकीवरून खरडत खाली आला आणि मी डोळे मिटून घेतले. आता मामांचा पाय बाहेर येणार. आता.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले तर खिडकी बंदच होती. काचेमागे मामा दोन्ही हातांनी जोर लावत होते. आणि काय जोर! दात ओठांवर, मान मागे, खांदा खिडकीला, पाय मागे रोवलेला. एकदा तर थांबून त्यांनी घाम पुसला आणि पुन्हा भिडले. गावच्या जत्रेतल्या कुस्तीत असा जोर बघितलेला नाही मी. फक्त त्यांचे हात काचेवर होते. कडी हातभर खाली होती, तिच्याकडे एक बोटसुद्धा जात नव्हतं.

"उघडा की मामा!" मालक ओरडले.

मामांनी आतून दोन्ही हात हलवले. उघडत न्हाय, उघडत न्हाय.

थोड्या वेळाने ते खाली आले. धापा टाकत, गुडघा धरून. "कडी आखडलीय मालक. लई जोर लावला. ह्या बाईंनी दाबली ना, तवा वाकली असंल."

म्हणजे वर माझाच दोष! मी तोंड उघडलं. माझ्या जावेने पाठीमागून माझा दंड इतक्या जोरात चिमटला की मी मिटलं. मालकांनी दांडा माझ्याकडे फेकल्यासारखा दिला, गर्दीकडे बघितलं, "उद्या पाळणावाल्यांना बोलावतो" असं पुटपुटले आणि आत गेले.

मामा खुर्चीवर बसले. उजव्या हाताची बोटं फुंकत होते.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"चेमटली की सगळी. जरा बघून दाबायचं ओ बाई."

मी जीव वाचवला आणि माझ्याच नावाने कडी, माझ्याच नावाने बोटं! मी रागाने विचारलं, "तुम्हीच लावलीत ना कडी? मग आधी मालकांना सरळ नाही म्हणायला काय झालं होतं?"

मामांनी दाराकडे एकदा बघून घेतलं.

"तुमी नाही म्हणून दुसऱ्या दुकानाला जाशीला," ते म्हणाले. "मी कुटं जाऊ? मला हितंच बसायचंय." मग बाजूच्या तांब्यातून जावेने वाटीत ओतलेल्या गार पाण्यात बोटं बुडवून ते बसून राहिले. दारात गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्यांनी दुसरा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "या, या."