मागच्या चाकाचा आवाज

चेनच्या तेलाचा वास आला की अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधली ती दुपार आठवते. उड्या मारायच्या बीएमएक्स सायकली कुणी घेईना, शेवटचं दुकानही बंद झालं होतं. आम्ही रायडर एकमेकांचे जुने पार्ट्स लावून खेळ जगवत होतो. कार ॲक्सिडेंटमध्ये गेलेल्या आमच्या मित्राची सायकल त्याच्या आईनेच आणून दिली. "वाटून घ्या रे," काकू म्हणाल्या. मी मागच्या चाकाला पाना लावला, तसं त्यांनी मला थांबवलं आणि चाक गरकन फिरवलं. त्याची टकटक ऐकत म्हणाल्या, "हा आवाज ड्राइव्हवेत आला की मी तव्यावर पोळी टाकायचे." ते चाक अजून माझ्या सायकलला आहे. त्यांच्या घरावरून जाताना मात्र मी सायकल खांद्यावर घेतो.