सूतगिरणीत रजा मागणारी माणसं

चारचौघांत बसलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही सूतगिरणीत रजा नामंजूर करायच्या कामावर होता ना? सांगा की एखादं." आता काय सांगायचं? माणूस गुमान कामावर येतो तोवर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. तो रजा मागायला आला की त्याचं घर, दुखणं, बायको, म्हातारी आई, सगळं त्याच्या मागोमाग केबिनमध्ये येऊन उभं राहतं. अशी केबिन भरून किती घरं माझ्यासमोर उभी राहिली याचा हिशेब मी ठेवला नाही. किस्से आपोआप साठत गेले.

* * *

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिता लिहिता पेंटर दमले होते. पाऊस मात्र दोन्ही जिल्हे सोडून गेला होता.

जिल्हा झाला तशी कामगार कायद्याची तपासणी करणारी माणसंही गावातच राहायला आली. आधी साहेब एसटीनं यायचे, आणि ते औशाच्या स्टँडवर उतरले की कुणीतरी गिरणीत फोन करायचं. ती सोय गेली. म्हणून गिरणीचे चेअरमन अण्णा यांनी ठरवलं, की कायदा जाणणारा एक लेबर ऑफिसर ठेवावा.

अण्णा जुने शेतकरी. धोतर, टोपी आणि मुलाखतीतही थेट प्रश्न.

"कायदा शिकलाव का?"

"एलएलबीचं पहिलं वर्ष दोनदा केलंय."

अण्णा बाकीच्या संचालकांकडे वळून म्हणाले, "दोनदा म्हंजे पक्कं झालं असंल. घ्या यांना."

मी गप्प बसलो. पहिल्याच दिवशी खरं बोलून नोकरी घालवावी इतका मी काही शिकलेलो नव्हतो.

* * *

बाळंतपणाच्या रजेचा पहिला अर्ज आला तो पारूबाईंचा. सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होत्या, हे तिसरं बाळंतपण. मी कायद्याचं पुस्तक उघडून ठेवलेलं. रजा कधीपासून हवी ते बाईनं आधी कळवायचं, असं त्यात होतं.

"रजा पगारी मिळेल," मी मोठ्या मनानं सांगितलं. "फक्त नक्की तारीख सांगा. बाळंतपण कोणत्या तारखेला?"

पारूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "सायेब, तुमचं लगीन झालंय का?"

"झालंय. चार महिने झाले."

"मग ऱ्हाऊ द्या. पोटातल्या पोराला इचारून सांगते."

* * *

सत्तार मिस्त्री आमचा फिटर. गिरणीतलं कुठलंही मशीन नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्यानं मुतखड्यासाठी मेडिकल रजा घेतली. डॉक्टरचं सर्टिफिकेट होतं, पण मला नव्या नोकरीचा जोर. खरंच आजारी आहे का, ते बघायला सकाळीच सायकलवर त्याच्या घरी गेलो.

गल्लीत टँकर आलेला. रांगेत हंडा घेऊन मिस्त्री उभा.

मला चोर सापडल्याचा आनंद झाला. "मिस्त्री, मेडिकल रजा काढून पाणी भरताय?"

मिस्त्रीनं शांतपणे हंडा खाली ठेवला. "साब, डाक्टर बोलले, पानी भौत पियो, खडा पडून जाईल. पियाला पानी आधी घरात तर पाहिजे न्हवं?" एवढं बोलतानाच त्याला कळ आली. कमरेवर हात ठेवून तो खालीच बसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

त्याची बायको म्हातारीला घेऊन दवाखान्यात गेलेली. टँकरवाला घाई करत होता आणि मागच्या बायका हंडे पुढे सरकवत होत्या. मी सायकल भिंतीला लावली, पँट दुमडली आणि नंबर धरला. दोन हंडे आणि एक कळशी घरात नेऊन ठेवली. त्यातली अर्धी कळशी माझ्या बुटांत गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणीत जो तो मला बघून तोंड फिरवून हसत होता. शेवटी गेटवरच्या वॉचमननं सांगितलं, "खात्यात बोलून राहिलेत सायेब, की नवा कायदा लई कडक हाय. मेडिकल रजा घेतली की लेबर ऑफिसर घरी येऊन पाणी भरतो."

* * *

हणमंत देवणी गावचा. एक दिवस अर्ज घेऊन आला. कारण: बाळंतपण.

"ही रजा बाईला मिळते, बाप्याला नाही," मी म्हणालो. "बायकोला कितवा महिना?"

"बायकोला न्हाई सायेब, गाईला."

दुष्काळात त्यानं गाय चारा छावणीत नेऊन बांधली होती. जातिवंत देवणी, अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेली, पहिलंच वेत. "परक्या जागी बुजून राहिलीय," तो म्हणाला. "माझ्याबिगर कुणाला जवळ येऊ देत न्हाई. आडलं तर दोघंबी जातील." बोलताना त्याचा आवाज बदलला, तेव्हा मी हसायचा थांबलो. पण कायद्यात गाय नव्हती. मी जबाबदारी टाळायला त्याला अण्णांकडे नेलं.

अण्णांनी माझं अर्धं वाक्यसुद्धा ऐकलं नाही. हणमंताला विचारलं, "कितवं वेत?"

"पहिलं."

"आन् तू हितं काय करून राहिलाव? जा की." मग माझ्याकडे वळले. "कायद्यात गाय कामून न्हाई?"

"कायदा माणसांसाठी आहे, अण्णा."

"मग कौटुंबिक म्हणून लिवा."

आठवड्यानं हणमंत डबा घेऊन आला. कालवड झाली होती, आणि डब्यात खरवस होता. छावणीत राहून त्यानं गूळ कुठून आणला कोण जाणे. मी खात होतो तेवढ्यात अण्णा दारात.

"काय सायेब, बसलं का कायद्यात?"

तोंड भरलेलं असल्यामुळे मी नुसती मान हलवली.

* * *

पारूबाईंनी विचारलेल्या लग्नाचं पुढं असं झालं, की आमच्या घरीही पाळणा हलायची वेळ आली. बायको बिलोलीकडच्या एका शाळेत मास्तरीण. सुट्टीत लातूरला यायची. मी तिला बजावलं, "रजेचा अर्ज तू लिहू नकोस. घरात तज्ज्ञ बसलाय."

मी चार पानं लिहिली. कलमं घातली, पोटकलमं घातली, रजा नाकारल्यास काय शिक्षा होते तेही शेवटी सौम्य भाषेत घातलं. बायको तो अर्ज घेऊन गेली.

पंधरवड्यानं ती आली तेव्हा मी विचारलं, "काय झालं अर्जाचं?"

"हेडमास्तरांनी परत दिला. म्हणाले, बाई, हा कायदा कारखान्याचा आहे. आपली शाळा आहे, आपले नियम वेगळे."

"मग आता?"

"आता काय? तिथंच उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. दिवस गेलेत, रजा द्यावी. त्यांनी सही केली, आणि घरून डिंकाचे लाडू पाठवतो म्हणाले."

मग ती म्हणाली, "तुमची चार पानं जपून ठेवलीत. पुढं बाळाला पुसायला होतील."

* * *

बायका जास्त असल्या की कारखान्यात पाळणाघर हवं, हाही कायदा. आमच्याकडे पाळणाघर म्हणून एक खोली होती. तिच्यात वाया गेलेला कापूस भरलेला. तपासणीच्या बाई उद्या येणार असं कळलं, आणि मी खोली झाडून घेतली, चुना मारला, सहा झोळ्या टांगल्या. मग लक्षात आलं, झोळीत मूल नाही. बायका लेकरं सासूजवळ ठेवून यायच्या.

मी सगळ्यांना सांगितलं, उद्या लेकरं घेऊन या. आणली बिचाऱ्यांनी. पण कोणत्या वयाची ते मी सांगायचं विसरलो होतो.

तपासणीच्या बाई तरुण होत्या, हसायच्या नाहीत. एका झोळीपाशी थांबल्या. झोळीतून दोन लांब पाय बाहेर आले होते. बाईंनी झोळीचा पदर बाजूला केला तशी आतली मुलगी ताडकन उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "नमस्ते बाई. बाराचा पाढा म्हणू?"

बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या पाळणाघराचा निकाल चांगला लागतोय."

पुढच्या महिन्यात ती खोली खरंखुरं पाळणाघर झाली. व्हावीच लागली.

* * *

कमल औशाची. बौद्ध वस्तीतून रोज पहाटेच्या बसनं यायची. नवरा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचा. पहिलंच बाळंतपण, रजेवर गेली, आणि मूल गेलं. जिवंत जन्मलंच नाही, असं तिच्या जावेनं येऊन सांगितलं.

थोड्याच दिवसांनी ती गेटवर उभी. "सायेब, कामावर घ्या."

मी म्हणालो, "कमलबाई, कायद्यानं तुला सहा आठवडे काम देता येत नाही. रजा पगारी आहे. घरी जा, आराम कर."

"काम नका देऊ," ती म्हणाली. "बसते नुसती."

कायद्यात बसण्याबद्दल काही नव्हतं. मी पुस्तक दोनदा चाळलं. तोवर ती तिच्या खात्यात जाऊन भिंतीला टेकून बसलीसुद्धा. बायका कांड्या भरत होत्या, मशिनी धडधडत होत्या. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं, बोललेलं ऐकूही आलं नसतं.

अण्णा फेरीवर आले. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. ते तिच्याजवळ वाकले आणि मोठ्यानं विचारलं, "घरी कामून थांबली न्हाईस, पोरी?"

ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "घरी लई शांत हाय, अण्णा. हितं आवाज हाय."

अण्णा तसेच उभे राहिले.

त्या दिवसांत लाइट केव्हाही जायची. तेव्हाही गेली. एकेक मशीन मंद होत थांबलं आणि सगळं खातं गप्प झालं. कमलनं मान खाली घातली.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला पारूबाईंनी सुनेचं गाऱ्हाणं मोठमोठ्यानं सांगायला सुरुवात केली. पारूबाईंना सून नव्हती. दुसरीनं त्यांना तितक्याच जोरात उत्तर दिलं. मग तिसरीनं. सत्तार मिस्त्री आत आला, त्यानं एकदा कमलकडे बघितलं आणि काही कारण नसताना पाना घेऊन लोखंडी पाइपावर ठोकायला लागला. अण्णा मोठ्या आवाजात मला कापसाचा भाव विचारू लागले. मीही ओरडून काहीतरी सांगत होतो. काय, ते आता आठवत नाही.

लाइट येईपर्यंत कुणीही थांबलं नाही.