पन्हळीत अडकलेली रुई

फळा वाचणाऱ्यांनो, आज इथं बातम्या नाहीत. दुपारच्या पावसात वणीच्या बाजारातलं माझं कापडाचं दुकान गळलं, तेवढंच लिहितो.

टिनाच्या छतातून धार थेट लट्ठ्याच्या ताग्यांवर पडली. शिडी लावून वर गेलो. शेजारच्या कापसाच्या जिनातून उडालेल्या रुईनं पन्हळ गच्च बुजली होती, म्हणून पाणी आत उतरलं. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली, पण ही पन्हळ एकदाही साफ झाली नाही. भाडं घेणाऱ्या दुकानांच्या मालकाला मी होळीपासून सांगतोय.

मालक छत्री घेऊन आले. म्हणाले, "पानी देवानं पाडलं, मले कायले बोलून राह्यला? भिंतीले चुना मारून देतो, ओल दिसत नाही मंग."

ओल दिसली नाही म्हणजे गेली का? त्याच भिंतीला लावलेलं कापड महिन्याभरात बुरसेल.

ताडपत्री मागायला त्यांच्या गोदामात गेलो. तिथं सगळी पोती लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, भिंतीपासून हातभर दूर, वरून ताडपत्री. हमाल म्हणाला, "मालकानं मागच्या हप्त्यातच करून घेतलं."

म्हणजे देवानं मालकांना आधीच खबर दिली होती. आपल्यापैकी आणखी कोणाला दिली असेल, त्यानं खाली नाव लिहावं. खडू इथंच ठेवलाय.