साळूबाईचा आवाज

रिह्याच्या खोऱ्यात पहिली मोटारसायकल आली, तेव्हा तिचं बारसं करायला कुणी पंडित लागला नाही. ती फटफट करत आली आणि गावानं तिला फटफटी करून टाकलं. पुढं शहाण्यासुरत्यांच्या तोंडीही तेच बसलं.

त्या फटफटीवरूनच डॉक्टर कोंडाजीला बघायला यायचे. उन्हाळ्यात कोंडाजीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि जिभेवरचे शब्द पार पळाले. उरले नुसते आवाज. पण गडी मोठा चिवट. पावसाळा येईतो त्यानं आवाजांचीच बोली केली. म्हैस म्हणजे ‘हँव’, जातं म्हणजे ‘घर्र’, डॉक्टर म्हणजे ‘फट्फट्’. सून रत्ना भारी हसरी, तिला ‘खिखिखि’.

राहिली फक्त त्याची बायको, साळूबाई. त्याचं अंग पुसायची ती, कूस बदलायची ती, आणि तिच्यासाठी मात्र त्याच्यापाशी आवाजच नव्हता.

“म्हशीला नाव हाय, मला न्हाई,” ती रत्नाला हसत हसत म्हणाली. पण जिव्हारी लागलं होतं. आपल्याला हे ओळखतात तरी का, याची तिला धास्ती पडली. मग वाटे, त्यांचा तरी काय दोष? सासू कडक होती. सुनेची जोडवीसुद्धा वाजलेली तिला खपायची नाहीत. नवऱ्याशी बोलायचं ते दाराआडून, पुटपुटत. सगळा संसार साळूबाईनं पाऊल न वाजवता केला. गुणाची सून म्हणून गावभर नाव झालं. आता त्या गुणांचाच तिला संताप येई.

एके दिवशी शेजाऱ्यांच्या खाचरात भातलावणीची इर्जिक होती, गावानं मिळून लावणी उरकायची. साळूबाई सकाळीच गेली. दिवेलागणीला पायाचा चिखल धुऊन आत आली, तर रत्ना रडकुंडीला आलेली.

“आत्याबाई, मामंजी दिसभर फूऽ फूऽ करत्यात. चूल फुंकली, पेज निववली, वारा घातला. कायबी चालंना. घासबी घेतला न्हाई.”

साळूबाई पेजेची वाटी घेऊन त्याच्या उशाशी बसली. पेज गारच होती, तरी सवयीनं तिनं हलकेच फुंकर घातली.

कोंडाजीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. “फूऽ,” तो म्हणाला आणि मनगट सोडून तिच्याकडं बोट केलं. पुन्हा म्हणाला, “फूऽ.”

साळूबाईनं वाटी खाली ठेवली. चुलीपुढं, पेजेवर, पोरांच्या खरचटलेल्या गुडघ्यांवर तिनं घातलेली फुंकर. या घरात तिनं केलेला एवढाच काय तो आवाज, आणि तो या माणसानं ऐकला होता. ती ढसाढसा रडली.

रत्ना समोर उभी होती, शेजारीण उंबऱ्यात होती. साळूबाईनं पदरही सावरला नाही.

“ओऽऽ!” तिनं पार खाचरापलीकडं जाईल अशी ओ दिली. “आले वो! हितंच हाय मी!”

मग कोंडाजीनं आ केला. दिवसभराचा उपाशी होता बिचारा.