दहाचा फोन

डब्यावरचे ते पाच लाल ठिपके अजून डोळ्यांपुढं लुकलुकतात... रविवार सकाळचं तिरपं ऊन, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास आणि कोनाड्यात फोनशेजारी तापत चाललेला तो राखाडी मोडेम – त्याच्या तापण्यालाही एक वास होता, करपलेल्या धुळीसारखा.

दादानं तो धाराशिवच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणला होता, टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. आमच्या संगणकावर लिनक्स होतं, कॉलेजच्या सरांनी दिलेल्या सीडीवरून घातलेलं. संगणकाच्या पोटातलं मोडेमचं कार्ड त्या प्रणालीला ओळखूच येईना, म्हणून फोनच्या तारेतून इंटरनेट आणणारी ही बाहेरची पेटी. बेंबळी गावातल्या त्या उन्हाळ्यात आम्ही बहीणभाऊ काळ्या पडद्यावर आज्ञा लिहीत बसायचो आणि उत्तर एकच यायचं – डायलटोन नाही. टोन तर होता. रिसीव्हर कानाला लावला की घुमायचा. पण आमच्या गावच्या एक्स्चेंजचा तो जाडाभरडा सूर मोडेमला टोन वाटतच नसे.

फोन आमचा, पण होता गल्लीचा. लोकांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापलेला असायचा, पुढं ‘पी.पी.’ लिहून, फोन आला की मी पळत जाऊन ज्याला त्याला बोलावून आणायची. समोरच्या सुशीलाकाकूंच्या लेकीचा, रेखाताईचा फोन दर रविवारी दहाला यायचा, सोलापूरहून, तिच्या सासरच्या गल्लीतल्या बूथवरून. काकू पावणेदहालाच सुपात लसूण घेऊन आमच्या उंबऱ्यात येऊन बसायच्या. रेखाताईला सातवा महिना होता.

“डबा किंचाळला की समजायचं, आता बाहेरचा फोन येत न्हाय,” दादानं काकूंना सांगून ठेवलं होतं.

“मग माझ्या लेकीच्या टायमाला झोपीव की त्याला,” काकू म्हणायच्या. आम्ही झोपवायचोही.

त्या रविवारी मात्र दादाला तोडगा सापडला. मोडेमला सांगायचं – टोनची वाट पाहू नकोस, काही ऐकू न येताच नंबर फिरव. आज्ञेत एक अक्षर, एक आकडा, एवढंच वाढवायचं होतं. दहाला पाच कमी असताना पेटी किणकिणली, किंचाळली आणि एकाएकी शांत झाली. जोडलं गेलं होतं... पडद्यावर एक चित्र वरून खाली, ओळीओळीनं उतरू लागलं. “पाचच मिनिटं,” दादा पुटपुटला. घड्याळ मला दिसत होतं. मी त्याकडं पाहिलं नाही.

“आला का गं फोन?” उंबऱ्यातून काकूंनी विचारलं.

“न्हाय अजून,” मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

साडेदहाला आम्ही तार काढली. नंतर फोन वाजला तो थेट संध्याकाळी; पलीकडं काकूंचे जावई होते. सकाळी दवाखान्यात नेताना रेखाताईनं वाटेत हट्टानं बूथवर थांबून आईला फोन लावला होता, तीनदा. तिन्ही वेळा एंगेज. तेव्हाच फोन लागून काकूंना दुपारची एसटी मिळाली असती तर मायलेकींची भेट झाली असती. काकू सोमवारी पोचल्या, तेव्हा रेखाताई नव्हती.

नववीनंतर माझी शाळा सुटली. पण दादानं शिकवलेल्या त्या काळ्या पडद्यानंच मला पोटाला लावलं. इथं हैदराबादेत नेटवर्क दुरुस्त करते, त्याचे उपकार मानते. मोबाईल मात्र सायलेंटवर ठेवायचा धीर होत नाही, आंघोळीला जातानाही तो दाराशी ठेवते. आणि दर रविवारी दहाला काकूंना फोन करते. “लागला गं लगीच,” त्या दर वेळी म्हणतात.

यंदाच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी ते बोलून टाकलं. त्या दिवशीचा फोन आमच्यामुळं लागला नाही, काकू, आणि मी तुम्हाला...

“ठावं हाय की गं मला,” त्या म्हणाल्या. “डबा किंचाळलेला म्या ऐकला होता. तुमी लेकरं किती दिस खपत होता, तुझं तोंड कसं फुललं होतं त्या वक्ताला... म्हणलं, असू दे, रेखा करंल की परत. म्याच बोलले न्हाय.”

 मग बराच वेळ आम्हा दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.